पीडीएफ पुन्हा ब्राउझरमध्येच का उघडते? फाइल-प्रकारांचा घोळ आणि तो कायमचा सोडवण्याची रीत

तक्रार नेहमीचीच आहे. पीडीएफवर राइट-क्लिक केलं, 'ओपन विथ'मधून आपला रीडर निवडला, 'ऑल्वेज'वर टिचकी मारली. काही दिवस सगळं सुरळीत चाललं आणि मग एका सकाळी तीच फाइल परत ब्राउझरमध्ये. फोटोंचं तसंच: काही एका प्रोग्राममध्ये उघडतात, काही दुसऱ्यात, आणि त्यामागचं गणित कळत नाही. त्याहून डोकेदुखी म्हणजे जी कशातच उघडत नाही ती फाइल. प्रत्येक प्रोग्राम तिला 'करप्ट' ठरवून मोकळा होतो.

यावर 'डीफॉल्ट बदला', म्हणजे त्या प्रकारासाठी ठरलेला प्रोग्राम बदला, हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही, पण पुष्कळदा लागूच पडत नाही, कारण बिघाड दुसरीकडेच असतो. डबल-क्लिकच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असतात: फाइलीचं नाव काय सांगतं, फाइलीच्या आत खरोखर काय आहे, आणि त्या प्रकारासमोर सिस्टीमने कोणता प्रोग्राम नोंदवून ठेवला आहे. तिन्हींपैकी काय बिनसलंय ते आधी ठरवायचं. ते न ठरवता केलेला उपाय टिकला तर तो योगायोग समजावा.

आधी पूर्ण नाव डोळ्यांना दिसू द्या

विंडोज ९५ पासून विंडोजमध्ये ओळखीची एक्स्टेन्शनं, म्हणजे फाइलीच्या नावातले शेवटच्या टिंबानंतरचे भाग, मुळातच लपवलेली असतात. का, याची कारणं काहीही असोत, हा निर्णय मला कधीच पटला नाही. विंडोज ११ मध्ये एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. विंडोज १० मध्ये वरच्या 'व्ह्यू' टॅबवर याच नावाची चौकट आहे, तिच्यात खूण करा. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' या भागात ही सोय आहे.

एवढं केलं की काही तक्रारींचा तिथेच निकाल लागतो. एक्स्टेन्शन लपलेलं असताना कुणीतरी नाव बदलून शेवटी 'डॉट पीडीएफ' लिहिलेलं असतं, आणि फाइल प्रत्यक्षात 'अहवाल डॉट पीडीएफ डॉट डॉक्स' झालेली असते. नोटपॅडमध्ये बॅच फाइल (विंडोजने ओळीने चालवायच्या आज्ञांची यादी) लिहून सेव्ह केली की नोटपॅड मागे 'डॉट टीएक्सटी' चिकटवतो आणि मग ती बॅच फाइल काही केल्या चालत नाही, नोटपॅडमध्येच उघडत राहते. विंडोज फक्त शेवटच्या टिंबानंतरचा भाग बघतं. त्याआधी काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' नावाचा किडा याच सवयीवर पोसला गेला. ईमेलला जोडलेल्या फाइलीच्या नावात आधी 'टीएक्सटी' होतं आणि खरं एक्स्टेन्शन होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. लपवलेल्या एक्स्टेन्शनमुळे लोकांना समोर साधा मजकूर दिसला आणि त्यांनी विश्वासाने डबल-क्लिक केलं. एक्सप्लोररमधल्या 'टाइप' या रकान्यावरही फार भिस्त ठेवू नका. तो रकाना एक्स्टेन्शन बघूनच भरला जातो, फाइलीच्या आत डोकावून नाही. आणि चालणारी फाइल स्वतःचं चित्र (आयकॉन) स्वतःच्या पोटात घेऊन येते, त्यामुळे तिला पीडीएफसारखं चित्र लावणं कुणालाही जमतं.

आत खरंच काय आहे?

बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या अगदी सुरुवातीला काही ठराविक बाइट असतात. ही त्यांची सही. ती तपासायला वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोजवर नोटपॅड उघडा आणि संशयित फाइल माउसने ओढून त्यात टाका. पडद्यावर कचरा दिसेल, घाबरू नका. फक्त पहिल्या ओळीची सुरुवात वाचा आणि काहीही सेव्ह न करता खिडकी बंद करा. हे 'सेव्ह न करता' महत्त्वाचं आहे. नोटपॅड त्या कचऱ्याला मजकूर समजतो, आणि चुकून सेव्ह झालं तर धडधाकट फाइल खरोखरच खराब होते.

पीडीएफ असेल तर टक्क्याच्या चिन्हामागे रोमन अक्षरांत पी-डी-एफ आणि आवृत्तीचा आकडा दिसतो. जीआयएफमध्ये जी-आय-एफ आणि त्यापुढे ८७ किंवा ८९ हा सालाचा आकडा. पी-के दिसलं तर ती झिप आहे. ही अक्षरं पीकेझिप लिहिणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची. एम-झेड दिसलं तर ती विंडोजची चालणारी फाइल. तो साचा घडवणारे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. नावात पीडीएफ आणि आत एम-झेड असेल तर पुढे काही तपासत बसू नका, फाइल उडवा.

पीएनजीची सही मला यात सगळ्यात हुशार वाटते. तिचे आठ बाइट दशमान अंकांत असे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. पहिला १३७ मुद्दाम १२७ पेक्षा मोठा ठेवला आहे, म्हणजे प्रत्येक बाइटच्या आठ बिटांपैकी आठवा गाळणाऱ्या जुन्या मार्गाने फाइल गेली तर पहिलाच बाइट बदलतो आणि चोरी पकडली जाते. १३ आणि १० ही विंडोजची ओळ संपल्याची जोडी. वाटेत कुणी ओळींचे शेवट 'दुरुस्त' केले तर ती जोडी मोडते. २६ हे डॉसमध्ये मजकूर संपल्याचं चिन्ह, त्यामुळे जुन्या पडद्यावर कचरा सांडायचा नाही. शेवटचा एकटा १० उलट दिशेची 'दुरुस्ती' पकडतो. एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) मजकूर म्हणून पाठवलेली चित्रं उघडत नाहीत त्याचं कारण नेमकं हेच असतं. फाइल बायनरी म्हणून, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवून, पुन्हा पाठवली की काम होतं.

मॅक किंवा लिनक्स असेल तर याहून सोपं. टर्मिनल उघडा, इंग्रजीत 'फाइल' हा शब्द टाइप करा, एक स्पेस द्या, संशयित फाइल ओढून त्या खिडकीत सोडा आणि एंटर दाबा. युनिक्समध्ये ही आज्ञा १९७३ पासून आहे. ती एक्स्टेन्शनकडे ढुंकूनही पाहत नाही, आतले बाइट बघून प्रकार सांगते.

आता या तपासणीतून निघणारे नेहमीचे निकाल. नावात जेपीजी, पण नोटपॅडमध्ये सुरुवातीलाच एफ-टी-वाय-पी आणि लगेच एच-ई-आय-सी दिसलं, तर तो आयफोनचा हीक फोटो आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन हा प्रकार वापरतो. कुणीतरी नुसतं नाव बदलून तो पाठवलाय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काही प्रोग्राम आत डोकावून तो मुकाट्याने दाखवतात, काही नावावर विसंबतात आणि नकार देतात, म्हणून 'माझ्याकडे उघडतो, तुझ्याकडे का नाही' ही वादावादी. इथे नाव बदलून काहीही होत नाही. फोटो रूपांतरित करावा लागतो, किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावं लागतं, म्हणजे पुढचे फोटो थेट जेपीजीमध्ये निघतील. आर-आय-एफ-एफ आणि थोडं पुढे वेबपीची (वेबवरच्या चित्रांचा एक प्रकार) अक्षरं दिसली तर तेही असंच प्रकरण.

उलटही घडतं. वर्डची फाइल उतरवली आणि ती झिप म्हणून आली. यात फाइल बिघडलेली नाही. डॉक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, ईपब, अँड्रॉइडची एपीके हे सगळे मुळात झिपच असतात, आणि वाटेतल्या कुठल्यातरी प्रोग्रामने आतली पी-के ही सही बघून नाव बदललं. इथे मात्र एक्स्टेन्शन बदलणं हाच योग्य उपाय. नियम साधा आहे: आतला मजकूर बरोबर आणि नाव चूक असेल तर नाव बदला. आतला मजकूरच हवा त्या प्रकारचा नसेल तर नाव बदलून काय उपयोग!

एक्सेल 'फाइलचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही' असा इशारा देतं, तोही याच जातीचा. अनेक संकेतस्थळं 'एक्सेलमध्ये उतरवा' म्हणून जी फाइल देतात ती प्रत्यक्षात एचटीएमएलचा तक्ता असते, वर एक्सएलएस हे लेबल चिकटवलेलं. नोटपॅडमध्ये ती उघडली की पहिल्याच ओळीत कोनी कंस दिसतात. फाइल विश्वासाच्या जागेवरून आली असेल तर 'येस' म्हणून उघडा आणि लगेच 'सेव्ह अ‍ॅज'ने खऱ्या एक्सएलएसएक्समध्ये साठवा. दर महिन्याला तोच इशारा बघायची गरज उरत नाही.

साधा मजकूर, सीएसव्ही वगैरेंना सहीच नसते, आणि तिथे सिस्टीम निव्वळ नावावर चालते. सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल स्वतःच्या मनाने अर्थ लावतं: पुढचे शून्य गळतात, १५ पेक्षा जास्त अंकांच्या आकड्याचे शेवटचे अंक शून्य होतात, आणि देवनागरी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते. शेवटची तक्रार येते ती फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) असूनही सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन खुणेचे बाइट नसतात म्हणून. अशी फाइल डबल-क्लिकने न उघडता एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट'ने आत घ्या. तिथे सांकेतन यूटीएफ-८ निवडता येतं, आणि शून्यं जपायची असतील तो रकाना 'टेक्स्ट' ठरवता येतो.

नाव बरोबर, आतलं बरोबर, तरी भलतंच उघडतं

मग बिघाड तिसऱ्या जागी, नोंदीत. विंडोज एक्स्टेन्शनवरून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक अंतर्गत नाव शोधतं, त्या नावाखाली 'उघडा' या कामासाठी लिहिलेली आज्ञा घेतं आणि फाइलीचा पत्ता त्या प्रोग्रामच्या हाती देतं. तुमची निवड 'यूजर चॉइस' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाते आणि ती फक्त तुमच्या खात्यापुरती असते. एकाच संगणकावर दुसऱ्या खात्यात तीच फाइल वेगळीकडे उघडते, ते यामुळे.

पूर्वी कुठलाही प्रोग्राम ही निवड परस्पर बदलायचा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने निवडीबरोबर एक हॅश, म्हणजे निवड खरी आहे का ते पडताळण्याचा हिशेबी शिक्का, साठवायला सुरुवात केली. हॅश जुळला नाही तर निवड बाद होते आणि विंडोज आपल्या मूळ डीफॉल्टवर परत जातं. 'ॲप डीफॉल्ट वॉज रीसेट' असा निरोप कोपऱ्यात कधी दिसला असेल तर तो याचाच. म्हणजे 'आपोआप बदलतं' या तक्रारीमागे बऱ्याचदा एखादं 'ट्वीक' करणारं किंवा साफसफाईचं सॉफ्टवेअर असतं, जे रजिस्ट्रीत थेट लिहितं आणि हॅश मोडतं. असलं काही बसवलं असेल तर आधी त्याला रामराम ठोका, नाहीतर बाकीचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर निवड योग्य दाराने करा: सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स. विंडोज ११ मध्ये वरच्या चौकटीत टिंबासकट एक्स्टेन्शन टाइप करता येतं. विंडोज १० मध्ये खाली 'चूज डीफॉल्ट ॲप्स बाय फाइल टाइप' आहे. तिथे 'रीसेट'चं बटणही आहे. एका पीडीएफसाठी ते दाबू नका, सगळ्याच प्रकारांच्या निवडी जातात.

फोटो निम्मे इकडे निम्मे तिकडे उघडत असतील तर कारण जवळपास नेहमी एकच: जेपीजी आणि जेपीईजी ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी एक्स्टेन्शनं आहेत, तुम्ही एकाचंच डीफॉल्ट बदललंय. एचटीएम-एचटीएमएल आणि टीआयएफ-टीआयएफएफ यांचंही तसंच. दोन्ही बदला. ब्राउझरमधून साठवलेली चित्रं 'जेएफआयएफ' या नावाने येत असतील तर तो याचाच चुलतभाऊ. ब्राउझरला फक्त 'जेपीईजी चित्र' असा माइम प्रकार (संकेतस्थळाने फाइलीबरोबर पाठवलेलं प्रकाराचं नाव) कळतो. त्याला कोणतं एक्स्टेन्शन लावायचं ते तो विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या माइमच्या यादीत बघतो, आणि काही संगणकांवर तिथे जेएफआयएफ लिहिलेलं असतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'क्लासेस रूट'खाली 'माइम', 'डेटाबेस', 'कॉन्टेंट टाइप' असं उतरत जेपीईजीच्या नोंदीपर्यंत जा आणि 'एक्स्टेन्शन'ची किंमत टिंबासकट जेपीजी करा. बदल करण्यापूर्वी ती नोंद एक्स्पोर्ट करून ठेवा. आधी साठवलेल्या चित्रांचं नुसतं नाव बदललं तरी चालतं, आत ती जेपीईजीच आहेत.

दर लॉगिनला निवड पुसली जात असेल आणि संगणक कार्यालयाचा असेल, तर शोध थांबवा. आयटी विभागाने ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांना एकदम लावायच्या नियमांतून) डीफॉल्टची ठरलेली यादी लावलेली असणार. ती लॉगिनच्या वेळी पुन्हा लागू होते, तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही, त्यांनाच सांगा. प्रोग्राम इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरमधून चालवत असाल आणि तो फोल्डर हलवला असेल, तरी नोंद तुटते. प्रोग्राम आधी कायमच्या जागी ठेवा, मग निवडा.

आणि एक प्रकार असा, ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. पीडीएफची लिंक ब्राउझरमध्ये उघडलीत तर ब्राउझर सिस्टीमच्या डीफॉल्टला विचारतच नाही, स्वतःच्याच पोटात ती दाखवतो. हे बदलायचं असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये पीडीएफ 'डाउनलोड' करायला सांगा. डीफॉल्ट पुन्हा पुन्हा बदलूनही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांना मी आधी हाच प्रश्न विचारतो: फाइल फोल्डरमधून उघडताय की ब्राउझरमधून?

डेस्कटॉपवरचे सगळेच शॉर्टकट एका प्रोग्राममध्ये उघडायला लागले तर दृश्य भीतिदायक असतं, पण उपाय छोटा आहे. शॉर्टकटचं एक्स्टेन्शन एलएनके, आणि कुणीतरी त्यालाच 'ओपन विथ' लावून ठेवलंय. रजिस्ट्रीत 'करंट यूजर', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंट व्हर्जन', 'एक्सप्लोरर', 'फाइल एक्स्ट्स' असं खाली जा, एलएनकेखालचा 'यूजर चॉइस' हा कप्पा एक्स्पोर्ट करून मग काढा, आणि साइन आउट होऊन परत या.

मॅक, लिनक्स, फोन

मॅकवर गफलत बहुधा एकाच ठिकाणी होते. 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन विथ' बदललं आणि 'चेंज ऑल' दाबलं नाही, तर बदल त्या एकाच फाइलीपुरता राहतो. जुन्या मॅकवर, १९८४ पासून, प्रत्येक फाइलीला प्रकाराची आणि ती बनवणाऱ्या प्रोग्रामची चार-चार अक्षरं चिकटलेली असत, एक्स्टेन्शनची गरजच नव्हती. कल्पना देखणी होती, पण ती अक्षरं दुसऱ्या सिस्टीमवर गेली की गळून पडत.

लिनक्सवर फाइल मॅनेजर नाव आणि आतले बाइट दोन्ही बघतो, आणि दोन्ही एकमेकांशी भांडतात तेव्हा गंमत होते. 'टीएस' हे एक्स्टेन्शन टाइपस्क्रिप्टच्या कोडचंही आहे आणि १८८ बाइटांच्या तुकड्यांनी बनलेल्या व्हिडिओचंही, म्हणून कोडची फाइल व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडू पाहते. तुमच्या निवडी होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात 'माइमॲप्स' नावाच्या साध्या यादीत असतात. नवा एडिटर बसवल्यावर फोल्डरच त्यात उघडायला लागले, तर त्या एडिटरने फोल्डरही आपल्याला उघडता येतात असं जाहीर केलेलं असतं. कुठल्याही फोल्डरवर राइट-क्लिक करून फाइल मॅनेजरलाच डीफॉल्ट करा.

अँड्रॉइडवर चुकून 'ऑल्वेज' दाबलं गेलं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर 'ओपन बाय डीफॉल्ट'मध्ये जाऊन आधीची निवड पुसा. पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारेल.

हे सगळं करूनही फाइल हटून बसली असेल तर तिचा आकार बघा. शून्य बाइट असेल, किंवा नोटपॅडमध्ये सहीच्या जागी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती रिकामी जागा दिसत असेल, तर प्रश्न प्रकाराचा नाहीच. लिहिता लिहिता वीज गेली, पेनड्राइव्ह घाईने उपसला, किंवा डाउनलोड अर्धवट राहिलं, म्हणून मजकूर तिथे पोचलाच नाही. तिच्यावर एक्स्टेन्शनचे प्रयोग करू नका आणि 'दुरुस्ती'ची सॉफ्टवेअरं विकत घेऊ नका. बॅकअपमधली प्रत काढा, नाहीतर पाठवणाऱ्याला ती परत पाठवायला सांगा.